तातेरावांचं बिरूद

सटवाजी रायरंदानं त्या साली गिर्दावराचं सोंग घेतलं आणि त्या सोंगानंच त्याला नोकरी लागली.

रायरंद म्हणजे बहुरूपी. खळी सुरू झाली की सटवाजी आणि त्याची बायको मनकर्णा हट्ट्यापासून औंढ्यापर्यंतची गावं पायाखाली घालायची. कधी जमादार, कधी रुसलेली सासू, कधी अर्ध्या अंगानं महादेव आणि अर्ध्या अंगानं पार्वती. लोक पोट धरून हसायचे, सुपात ज्वारी घालायचे. सटवाजीचा आवाज म्हणजे नगारा. तो खालच्या आळीत खाकरला तर वरच्या आळीतली कुत्री उठून बसायची.

त्या दिवशी तो बाभुळखेड्यात शिरला तो खाकी कोट, गोंड्याची लाल टोपी आणि काखेत छडी अशा थाटात. मागं मनकर्णा शिपाई बनून, डोक्यावर दप्तराचं गाठोडं घेऊन. जमीन तपासणारा सरकारी गिर्दावर आला म्हणून माणसं वाट सोडून उभी राहिली. सटवाजी थेट तातेराव देशमुखांच्या वाड्यापुढं गेला आणि गरजला, "किसका है ये गाव?"

तातेराव आत अंगाला तेल चोळून घेत होते. ते तसेच उघडे, एका पायात वहाण, तेल निथळत बाहेर आले आणि कमरेत वाकून सलाम घालत म्हणाले, "आपलंच हाये, हुजूर."

मागं गाव जमलं होतं. आधी मनकर्णेला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. तातेरावांनी निरखून पाहिलं, टोपीखालचा चेहरा ओळखला आणि त्यांचे कान लाल झाले. आता हा रायरंद मार खाणार, असं गावानं धरलं. सटवाजीनंही धरलं. त्यानं छडी खाली ठेवली आणि कोटाची बटणं सोडली. मारात कोट फाटू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण मार पडला नाही. तातेराव नुकतेच हैदराबादेहून निजामाच्या ज्युबिलीचा थाट पाहून आले होते. तिथं त्यांनी बड्या बड्या नवाबांच्या आणि राजांच्या मोटारी पाहिल्या. प्रत्येकीच्या दारावर घराण्याची निशाणी रंगवलेली. कुणाचा वाघ, कुणाचे दोन मासे, कुणाच्या तलवारी, वर मुकुट. आणि पुढं ललकारी देणारा चोपदार. तातेरावांना मोटार नव्हती, आणि वतन म्हणावं तर अडीच गावांचं. त्यातलं अर्धं गाव ओढ्यापलीकडचं, तिथं ते स्वतः कधी गेलेले नव्हते. पण निशाणी आणि चोपदार हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात गोम शिरावी तसे शिरले होते.

"सटवाजी," ते धोतराच्या सोग्यानं तेल पुसत म्हणाले, "तुझ्या आवाजापुढं म्या देशमुख असून उघड्या अंगानं वाकलो. हाच आवाज माझ्या दमणीपुढं चालला, तर मुलूख काय करल?"

मनकर्णेनं गाठोड्याखालून सटवाजीला कोपर मारलं आणि हळूच म्हणाली, "राह्यला घर देतात का ते ईचारा."

घर मिळालं. गोठ्यामागं एक कुडाचं खोपट, महिन्याला ज्वारी, वर्षाला धोतरजोडी आणि लुगडं. सटवाजीचा डावा गुडघा दोन सालांपासून कुरकुरत होता. चौदा गावं पायी फिरायची, ऊन-पाऊस अंगावर घ्यायचा, याचा त्याला कंटाळा आला होता. मनकर्णेला तर लग्नापासून एका जागी चूल मांडायची हौस होती. तिनं पहिल्याच आठवड्यात खोपटाच्या कुडावर दोडक्याचा वेल चढवला आणि शेजारणीला सांगितलं, "आता आमी इथलेच."

निशाणी रंगवायला वसमतहून अन्सार पेंटर आला. मोहरमचे ताबूत आणि बैलगाड्यांच्या फळ्या रंगवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. घासलेटच्या डब्याचा पत्रा ठोकून ढालीएवढा गोल केला, पांढरा रंग दिला, आणि ओसरीवर बैठक बसली.

"घराण्यात काय घडलं, ते निशाणीत आलं पाहिजे," तातेराव म्हणाले. "आमचे खापरपणजे फौजेत हत्तीसंगं होते. हत्ती काढ."

आतल्या दाराशी देशमुखीणबाई मंजुळाबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "हत्तीसंगं होते खरं. फौजेचा तळ पडला होता, हत्तीचं पोट फुगलं, आन् यांच्या खापरपणज्यांनी हिंग-ओवा घालून ते मोकळं केलं. सरदार खूश झाला, गावं दिली. तेवढीच आमची लढाई."

"ते चित्तरात काढायचं नसतं!" तातेराव ओरडले.

"मी कुठं म्हणलं काढा?"

हत्ती झाला. मग तातेरावांना सिंह हवा होता. अन्सारनं कुंचला थांबवला. "सरकार, शेर तो मैं जिंदगी में देख्याच नै. बिबट्या देख्या, वो बी मरेला."

"म्या सांगतो तसा काढ. तोंड रुंद. कपाळ मोठं. डोळ्यांत जरब, अशी. मिशा अशा, टोकं वर." तातेराव स्वतःच्या तोंडावरून हात फिरवून एकेक गोष्ट दाखवत गेले आणि अन्सार त्यांच्याकडं पाहून पाहून इमानानं रंगवत गेला. संध्याकाळी पत्र्यावर एक सिंह मागच्या पायांवर उभा राहिला. त्याला आयाळ होती, शेपूट होती आणि तोंड हुबेहूब तातेरावांचं होतं. सटवाजीला ते दिसलं. अन्सारला दिसलं. मंजुळाबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. तातेराव मागं सरकून पाहत म्हणाले, "ह्याला म्हणायचं घराणं!" आणि त्यांनी खाली अक्षरं घालायला लावली: झुकणे ठावे नाही.

तो पत्रा काठीला ठोकला एकाच खिळ्यानं. त्यामुळं सटवाजीनं काठी उचलली की बिरूद लगेच एका अंगाला झुकायचं.

सटवाजीनं मात्र काम मनापासून धरलं. ओढ्याकाठी म्हशींपुढं त्यानं आठवडाभर ललकारीचा सराव केला. "बाजू व्हा! बाभुळखेड्याचे तातेराव देशमुख, गजसिंहबिरुदधारी, येऊन राहिले!" आवाज खणखणीत लागायचा. पण गावात पहिल्यांदा काठी घेऊन निघाला तर पारावरची माणसं हसायलाच लागली. एक म्हातारा म्हणाला, "सटवाजी, आज कशाचं सोंग रं?"

"सोंग न्हाई, काका. नोकरी हाये."

"वा! ते बी झ्याक म्हणलास!" आणि म्हातारा आणखी हसला.

संध्याकाळी सटवाजी खोपटाच्या दारात गुडघ्याला तेल लावत बसला. जन्मभर त्यानं खोट्याचं खरं करून दाखवलं होतं. आता खऱ्याचं खरं दाखवायचं होतं, आणि नेमकं तेच जमत नव्हतं. "तोंड जरा सुतकी ठेवून बघा," मनकर्णेनं सुचवलं. त्यानं ठेवून दाखवलं. मनकर्णा हसून हसून भुईवर बसली.

वैशाखात तातेरावांनी हट्ट्याच्या बाजारात मिरवायचं ठरवलं. त्या बाजाराला पंचक्रोशी लोटायची. हट्ट्यात लोक तातेरावांना ओळखायचे ते धोतर, बाराबंदी आणि लाल फेट्यात. त्या दिवशी ते निघाले हैदराबादी शेरवानी घालून. शेरवानी विकत घेतली तेव्हा अंगाला बसली होती. पण दोन-तीन महिने घरचं तूप खाल्ल्यावर तिची बटणं आता श्वासागणिक कुरकुरायची. डोक्यावर उंच टोपी, गळ्यात मंजुळाबाईंची मोहनमाळ, मिशांना मेण. गाडीवान लखमा बैलांना झुली घालून तयार होता. दमणीचं वरचं छप्पर उतरवलेलं, म्हणजे सगळ्यांना दिसावं.

सटवाजी काठी उचलून पुढं झाला आणि बाजाराच्या तोंडाशी येताच त्यानं ललकारी दिली.

सारा बाजार वळला. हट्ट्यातल्या पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सटवाजीला कोण ओळखत नव्हतं? "रायरंद आला! रायरंद आला!" म्हणत माणसं धावली. मिरच्यांचे वाटे तसेच टाकून बाया आल्या. कुणी म्हणालं, "औंदा जोडीदार नवा आणलाय. देशमुखाचं सोंग दिलंय त्याला."

"कोण्या देशमुखाचं?"

"बाभुळखेड्याच्या. मिशा बघ की!"

"अरं व्हय! हुबेहूब!"

सटवाजीनं मागं पाहिलं. तातेराव मान ताठ करून बसले होते. गर्दी पाहून त्यांचा चेहरा फुलला होता. इतकी माणसं आपल्याला बघायला जमली, असं त्यांना वाटत होतं. मग एक ढबू पैसा येऊन त्यांच्या मांडीवर पडला.

तातेरावांनी पैशाकडं पाहिलं. दुसरा पडला, मग एक वांगं आलं. कादर मणियार बांगड्यांची माळ खांद्यावर घेऊन गाडीपाशी आला आणि चाकावर थाप मारून म्हणाला, "क्या खूब, भई! पोट बी बराबर तसंच बांधलंय."

"बांधलंय?" तातेराव उभे राहिले. "म्या देशमुख हाये! तातेराव देशमुख!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आवाज बी तसाच काढतोय!" "अजून एकदा म्हण!"

सटवाजी काठी आडवी धरून ओरडला, "अहो, हे खरे हायेत! देवाशपथ खरे हायेत!" त्याच्या आयुष्यात त्यानं इतक्या कळकळीनं कधी काही सांगितलं नव्हतं, आणि इतका हशाही त्याला कधी मिळाला नव्हता. लखमानं उपरण्यात तोंड खुपसलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

गर्दीतून एक कुंभारीण पुढं आली. नाव शकुबाई, राहणारी तातेरावांच्या त्या ओढ्यापलीकडच्या अर्ध्या गावातली. तिनं पदराची गाठ सोडून एक भाकर काढली, वर ठेचा होता, आणि तातेरावांच्या हातात ठेवली. "खा बाबा. सोंग लई गुणाचं हाये. पण बोलणं नीट करायला पाहिजे तुला. देशमुखावाणी बोल की."

"म्या देशमुखावाणीच बोलून राहिलो!"

"असं न्हाई. ऐक मी सांगते. असं म्हणायचं, 'शके, वाड्यावर लग्न हाये, चार दिस पाणी भर. मोबदला? मोबदला कशाचा, बेगार हाये ती!' मग म्हणायचं, 'तुझं आव्याचं काम राह्यलं तर राहू दे, मडकी काय पळून चालली?' म्हण बघू."

तातेराव हातातल्या भाकरीकडं बघत राहिले. शकुबाईला वाटलं, सोंगाड्या नवखा आहे, लाजतोय. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "मी काय त्याला पाह्यला न्हाई कधी. त्याचा कारभारी येऊन हेच बोलतो, मागल्या दारानं पाणी भरायला नेतो. पण पाणी लई भरलंय त्याचं. पाठीला ठाऊक हाये." मग तिनं काठीवरच्या पत्र्याकडं पाहिलं आणि ती खदखदून हसली. "अगं बया! सिंहाला तोंड बी तुझंच दिलंय की! मानलं बाबा तुमाला."

तातेरावांनी तेव्हा पहिल्यांदा वळून स्वतःच्या बिरुदाकडं नीट पाहिलं. पत्रा डावीकडं झुकला होता. सिंह मिशांची टोकं वर करून त्यांच्याकडंच बघत होता. शेरवानीचं मधलं बटण तुटलं आणि उडून कादर मणियाराच्या माळेवर टिंगकन् वाजलं.

आता आणखी थांबलो तर यांचा जीव जाईल, हे सटवाजीनं ओळखलं. खरं सांगून उपयोग नव्हता, मग त्यानं जे येत होतं तेच केलं. काठी उंच केली, कमरेत झोक घेतला आणि आरोळी ठोकली, "हटा, हटा! देशमुखाची घरी तूप वाट पाहून राहिलंय! स्वारी माघारी निघाली!" लोक हसत हसत बाजूला झाले, वाट मोकळी झाली आणि लखमानं बैल पिटाळले. मागून टाळ्या आणि आणखी दोन वांगी आली.

पूर्णा नदी ओलांडताना तातेराव म्हणाले, "ते बिरूद टाक पाण्यात. आन् उद्यापासून येऊ नको. खोपटं मोकळं कर."

"जी, मालक."

सटवाजी गाडीमागं चालत राहिला. वर दमणीतून कुणीतरी चावत असल्याचा आवाज आला. तातेराव सकाळपासून उपाशी होते, शेरवानीत पोट मावावं म्हणून. थोड्या वेळानं दमणीतून ठसका आला आणि पाठोपाठ आवाज, "लखमा, पाणी दे. ठेचा तिखट हाये."

पत्रा सटवाजीनं नदीत टाकला नाही. चांगला पत्रा कुणी पाण्यात टाकतं का? दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधताना मनकर्णेनं वेलाकडं पाहिलं. फुलं आली होती, दोडके यायचे होते. शेजारणीला म्हणाली, "तुमी तोडून खावा," आणि निघाली. पुढचे चार कोस सटवाजी तिच्या मागूनच चालला. चुकी कुणाची, हे दोघांनाही सांगता आलं नसतं, पण घर गेलं होतं.

पुढच्या गावात तो महादेव-पार्वती होऊन शिरला तर लोक म्हणाले, "हे राहू दे. हट्ट्यात दाखवलं ते दाखव. देशमुखाचं."

"ते सोंग न्हाई माझं," सटवाजी म्हणाला. "तो जोडीदार बी न्हाई आता."

लोक सुपात दाणे घालीनात. दुसऱ्या गावात तेच, तिसऱ्यातही तेच. चौथ्या गावाच्या शिवेवर मनकर्णेनं गाठोडं खाली टाकलं. बोकडाचे काळे केस काढले, बाभळीचा डिंक काढला आणि ती नाकाखाली मिशा चिकटवू लागली.

"काय करून राहिली?"

"जोडीदार न्हाई म्हणालात ना? हा घ्या जोडीदार." तिनं पोटाला गोधडी बांधली, वर त्याचा खाकी कोट चढवला आणि मान मागं टाकून बसली. "चला. तुमी पुढं व्हा. बिरूद धरा."

ते सोंग वणव्यासारखं पसरलं. मनकर्णा मिशांना पीळ देत बसायची, सटवाजी ललकारी द्यायचा, पत्रा आपसूक झुकायचा. मग ती सिंहाकडं बघून म्हणायची, "हे आमचं वडिलार्जित तोंड हाये!" लोक गडबडा लोळायचे. शेवटी शकुबाईचं बोलणं यायचं. मनकर्णा एका क्षणात पोट काढून कुंभारीण व्हायची, डोक्यावर नसलेली घागर घेऊन वाकत वाकत पाणी भरायची आणि पुन्हा मिशीवाली होऊन म्हणायची, "मोबदला कशाचा? बेगार हाये ती!" ती नसलेली घागर ती अशी उतरवायची की बघणाऱ्याच्या मानेला कळ लागावी. पुढं तिनं त्यात खुरपणीही घातली. कारण कुठल्यातरी गावात बायांनी सांगितलं होतं की देशमुखाच्या रानात खुरपायलाही फुकटच जावं लागतं.

पुढच्या शिवरात्रीला दोघं औंढ्याला नागनाथाच्या जत्रेत गेली. तिथं सोंगाला ही गर्दी. दुसऱ्या दिवशी दुपारी सटवाजी चिंचेखाली पडला होता, मनकर्णा मिशा धुऊन दगडावर वाळत घालत होती. तेवढ्यात समोर माणसाची सावली आली. धोतर, बाराबंदी, लाल फेटा. मागं लखमा.

सटवाजी धडपडत उठला. गुडघा कळवळला. "मालक."

"बस, बस," तातेराव म्हणाले, आणि दुसरी जागा नव्हती म्हणून स्वतःही मुळावर टेकले. त्यांच्या हातात चाबूक नव्हता, हे सटवाजीनं आधी पाहून घेतलं. "काल म्या होतो तिथं. मागं, तोंडाला उपरणं बांधून. घरची मंडळी बी होती."

"बाईसाहेबांनी पाह्यलं?"

"पाह्यलं? हसून हसून तिला उचकी लागली. सुपात टाकायला हातातली पाटली काढली होती तिनं. म्या हात धरला." तातेरावांनी खाकरून घसा साफ केला आणि मनकर्णेकडं वळले. "पण मी तसा चालत न्हाई."

"कसं चालता, मालक?" मनकर्णेनं आदरानं विचारलं.

ते उठले आणि चार पावलं चालून दाखवली. पोट पुढं, हात मागं, मान फेटा पडू नये म्हणून धरल्यासारखी. लखमानं आभाळाकडं पाहिलं. मनकर्णा म्हणाली, "आता आलं ध्यानात. उद्यापासून बराबर करते."

तातेराव पुन्हा बसले. बराच वेळ त्यांनी चिंचेच्या वाळक्या शेंगा मोडल्या. मग म्हणाले, "मिशीवर हसा. सिंहावर हसा. हसण्यासारखाच हाये तो. पण ते पाण्याचं आन् खुरपणीचं काहून घालता?"

"लोकांना आवडतं, मालक."

"खोटं नको सांगू. म्या मागं उभा होतो. तिथं गडी हसतात. बाया हसत न्हाईत. बाया एकमेकींकडं बघतात." त्यांनी शेंग टाकून दिली. "तेवढं काढून टाक."

सटवाजीला होय म्हणायचं होतं. अडीच गावांच्या मालकाला रायरंद नाही म्हणत नसतो. पण तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. "आमी कसं काढावं, मालक? आमी तर नक्कल करणारी माणसं. तुमी काढलं की आमच्यातून आपसूक जाईल."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच उमगलं आपण काय बोललो ते. मनकर्णेनं वाळत घातलेल्या मिशा मुठीत धरल्या. लखमा एक पाऊल मागं सरकला.

तातेरावांचे कान लाल झाले, तेल लावलेल्या त्या दिवशी झाले होते तसे. ते उठले. "पत्रा दे माझा," एवढंच म्हणाले. सटवाजीनं दिला. तातेरावांनी तो काखेत मारला, सिंहाचं तोंड आत करून, आणि ते देवळाकडं चालू लागले. चाल तीच होती.

"आता माणसं पाठवतील," सटवाजी म्हणाला. दोघांनी त्याच दुपारी जत्रा सोडली आणि सिद्धेश्वर गावाच्या अंगाला निघून गेली. दोन गावं त्यांनी नुसतं महादेव-पार्वतीवर काढली. पण माणसं आली नाहीत, कुणी अडवलं नाही, मग मनकर्णेनं हळूच डिंक भिजवला. पत्र्याच्या जागी आता सूप होतं. चुन्यानं त्यावर हत्ती काढला, सिंह काढला. लोक त्या बिरुदातच ज्वारी ओतायचे, त्यामुळं हे बरंच पडलं.

चैत्रात वाटेवर शकुबाई भेटली, डोक्यावर मडक्यांची पाटी. सटवाजीला पाहून थांबली. "तुमचा तो नवखा जोडीदार कुठाय?"

"सोडला त्यानं धंदा," सटवाजी म्हणाला. "तुमच्याकडं काय हालहवाल?"

"बरं हाये. देशमुखाकडं मागल्या महिन्यात पुतणीचं लग्न झालं. कारभारी आला, मला वाटलं आला आता बोलवायला. तर म्हणतो, पाणी भरायला गडी लावलेत मजुरीनं, तुमी यायचं काम न्हाई. म्या दोनदा ईचारलं. मग दिवसभर घरीच बसले, काय करावं सुचंना."

"आन् खुरपणी?"

"ती हाये की. त्याचं काही बोलला न्हाई तो."

शकुबाई गेली. सटवाजी आणि मनकर्णा वाटेच्या कडेला बसली. बोललेल्या शब्दाला जागणं भाग होतं. पाण्याचं काढायचं, खुरपणीचं ठेवायचं, असं सटवाजीनं ठरवलं. "पुढच्या साली बघू, आणखी काय काय काढावं लागतं."

मनकर्णा मात्र हिरमुसली. "अवं, सगळ्या सोंगात तेवढंच तर माझं चांगलं होतं. घागर उतरवायचे तवा म्हाताऱ्या बाया रडायच्या. खुरपणीला काय, नुसतं बसून सरकायचं. त्यात काय मजा हाये?"

"त्या शकुबाईला ईचार मजा हाये का."

"ते व्हय," ती म्हणाली. "तिचं बरं झालं. पण आपलं सोंग आखूड झालं."

मग तिनं गाठोड्यातून मिशा काढल्या, डिंक लावला आणि पुढच्या गावात शिरायच्या आधी वाटेवरच खुरपणी करून पाहू लागली. मांडी घालून सरकत, एका हातानं गवत उपटत, दुसऱ्या हातानं कंबर धरत. सटवाजीनं दोनदा तिला थांबवून कंबर आणखी कुठं धरावी ते दाखवलं. तिसऱ्यांदा ती सरकली तेव्हा समोरून येणारी एक बाई, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली, तिथंच थबकली आणि भारा खाली न टाकता मान वळवून बघत राहिली.

"बघा," मनकर्णा मिशीतून हळूच म्हणाली. "जमून राहिलं."